अंडी देणाऱ्या बदकांस आंबलेला चोथा चारण्याविषयी

भाताची कापणी आटोपली, शेतात सांडलेला दाणा बदकांनी टिपून संपवला आणि ओहोळांचे पाणी आटू लागले, म्हणजे बदके पाळणाऱ्या कुटुंबापुढे दरवर्षी तोच प्रश्न येऊन उभा राहतो, की आता ह्यांस चारावे काय? अंडी देणारे एक बदक दिवसास सुमारे १६० ते १८० ग्रॅम कोरडे खाद्य खाते. वीस बदकांचा कळप म्हटला म्हणजे दररोज साडेतीन किलो, आणि महिन्यास सुमारे एक क्विंटल. एवढे धान्य विकत घेऊन चारले तर अंड्यांचे पैसे दुकानदाराच्याच घरी जातात. न चारावे तर अंडी बंद होतात. ह्या दोहोंमध्ये सापडलेल्या मनुष्याची नजर, जो पदार्थ दुसरे लोक टाकून देतात त्याकडे साहजिकच वळते; आणि अशा पदार्थांत धान्य किंवा कडधान्य आंबवून त्याचा रस काढून घेतल्यावर मागे राहणारा चोथा हा फार करून सर्वांत स्वस्त असतो.

हा चोथा उत्तम खाद्य आहे; आणि हाच चोथा एका आठवड्यात कळपाचा नाश करणाराही आहे. तो कोणत्या वेळी अन्न असतो व कोणत्या वेळी विष होतो, हे ओळखता येणे ह्यावर सगळे अवलंबून आहे. सबब गावोगावच्या ज्या बंधुभगिनींनी पाचपंचवीस बदके बाळगली आहेत, त्यांनी हा धडा सावकाश वाचावा, व ज्यांस वाचता येत नाही त्यांस उपदेशकांनी वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम चोथा म्हणजे काय ते पाहू. धान्यात मोठा भाग पिठूळ सत्त्वाचा असतो. धान्य आंबवले म्हणजे खमिराचे सूक्ष्म जीव ते पिठूळ सत्त्व खाऊन त्याचा मद्यार्क व वायू करतात. मद्यार्क काढून घेतला जातो, वायू उडून जातो, आणि मूळ धान्याच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग कोरड्या मापाने मागे उरतो. पीठ गेले, परंतु प्रथिने, तेल, कोंडा व क्षार गेले नाहीत. ते ह्या तिसऱ्या हिश्शात एकवटले. म्हणून मक्यात शेकडा आठ-नऊ प्रथिने असली, तर त्याच्या वाळवलेल्या चोथ्यात ती २७ च्या आसपास भरतात, आणि तांदळाच्या चोथ्यात तर ४० च्या पुढेमागे जातात. शिवाय मेलेल्या खमिराचे अंश त्यात राहतात. बदकाच्या वाढत्या पिलांस नायसिन नावाचे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांपेक्षा बरेच अधिक लागते, जवळजवळ दुप्पट. ते कमी पडले म्हणजे पिलांचे पाय वाकतात व ती लंगडतात. खमिरात हे जीवनसत्त्व विपुल असते. हे चोथ्याचे गुण झाले.

आपल्या देशात सन २०२० नंतर मोटारींच्या इंधनात मिसळण्याकरिता धान्यापासून इथेनॉल काढण्याचे काम फार वाढले, आणि त्यामुळे हा वाळवलेला चोथा डीडीजीएस ह्या नावाने गोणीत भरून बाजारात येऊ लागला. बिअरच्या कारखान्यातून मिळणारा जवाचा ओला चोथा निराळा. तो आंबवण्यापूर्वीच गाळून काढलेला असतो, त्यात खमीर नसते, व त्याचा उपयोग गाईम्हशींकरिता पूर्वीपासून होत आहे. विकत घेणाराने हा भेद विचारून घ्यावा.

बदकांस असले पदार्थ चारण्यात जावा बेटातील शेतकऱ्यांचा हात चांगला बसलेला आहे, यास्तव त्यांची रीत सांगणे उपयोगी होईल. आपण ज्यांस ‘इंडियन रनर’ म्हणून ओळखतो ती उभ्या मानेची, धावरी बदके नावाने हिंदी असली तरी मूळची जावा व त्याच्या शेजारच्या बेटांतील होत; आणि इंग्लंडात १९०० च्या सुमारास श्रीमती कॅम्पबेल ह्यांनी जी कॅम्पबेल जात तयार केली तिच्यातही ह्याच बदकांचे रक्त आहे. जावातील तेगल, ब्रेबेस व मोजोसारी येथील लोक शेकडो बदकांचे कळप कापणी झालेल्या शेतांतून एका गावाहून दुसऱ्या गावी हाकीत नेत असत. केरळात कुट्टनाडचे बदकपाळही असेच करतात. ब्रेबेसची खारवलेली अंडी त्या देशात प्रसिद्ध आहेत. पुढे भातशेतीत लवकर येणारी वाणे व कीटकनाशके आली, शेत मोकळे राहण्याचा काळ कमी झाला, आणि पुष्कळांस बदके आवारात कोंडून चारण्याची पाळी आली. तेव्हा त्यांनी आसपास जे मिळाले ते घेतले: भाताचा कोंडा, उरलेला व उन्हात वाळवलेला भात, बाजारातली टाकाऊ मासळी, शेतातील गोगलगायी, सोयाबीनचे दूध गाळल्यावर राहणारा चोथा, आणि सोयाबीन आंबवून जो खारा काळा रस करतात त्याचा चोथा.

ह्यांतील शेवटच्या पदार्थाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. सोयाबीनचा तो रस करताना दाणे महिनोन्महिने मिठाच्या पाण्यात मुरत ठेवतात. रस पिळून घेतल्यावर चोथ्यात प्रथिने शेकडा २० ते ३० राहतात खरी, परंतु मीठही राहते. समजा, चोथ्यात शेकडा १५ मीठ आहे व आपण तो खाद्यात दहावा हिस्सा मिसळला. तर ह्या एकाच पदार्थाने खाद्यात शेकडा दीड मीठ गेले. पक्ष्यांच्या खाद्यात मीठ शेकडा पाव ते अर्धे पुरते. म्हणजे तिप्पट ते सहापट झाले! असे खाद्य खाल्लेली बदके सारखी पाणी पितात, पातळ हगतात, अशक्त होऊन बसतात, व पाणी कमी पडले तर मरतात. म्हणून असला चोथा पाण्यात भिजवून, निथळून, पुन्हा भिजवून मीठ उतरवल्यावाचून देऊ नये, आणि त्या दिवसांत खाद्यात दुसरे मीठ मुळीच घालू नये. खारवलेल्या मासळीचा भुगा ह्याच्या जोडीला देणे म्हणजे दोन विषे एकत्र करणे होय. आपल्याकडील लोणच्याच्या बरणीतला उरलेला खार व फोडी बदकांपुढे ओतणाऱ्यांनीही हा हिशेब मनात धरावा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पुष्कळ लोक आंबणे, सडणे व बुरसणे ह्या तिन्हींस एकच समजतात. ‘आंबलेलेच आहे, आणखी दोन दिवस राहिले म्हणून काय झाले?’ असे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. परंतु ज्या जिवांनी पदार्थ आंबवला ते जीव व त्यांच्यानंतर आयत्या घरात शिरणारे जीव हे एकच नव्हेत. ह्याचे जे अत्यंत शोचनीय उदाहरण आम्हांस ठाऊक आहे तेही जावातलेच आहे. त्या बेटाच्या बन्यूमास प्रांतात गरीब लोक खोबऱ्याची पेंड बुरशीने आंबवून तिच्या वड्या करीत व खात. त्यास तेंपे बोंक्रेक म्हणत. बहुतेक वेळा ह्या वड्या निर्धोक असत. परंतु एखाद्या वेळी इष्ट बुरशीने जोर धरण्यापूर्वी दुसराच एक जंतू पेंडीत वाढे, आणि तो असे विष करी की ते शिजवून जात नसे व चवीलाही लागत नसे. कुटुंबेच्या कुटुंबे त्यायोगे मेली. १९३० च्या दशकात मर्टेन्स व फान फेन ह्या डच शास्त्रज्ञांनी त्या विषाचा शोध लावला. आणि १९८८ मध्ये तो पदार्थ करण्यास सरकारने बंदी घातली. आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट ही की आंबटपणात हा जंतू वाढत नाही, व म्हणून पेंडीत अंबुटीच्या जातीचा आंबट पाला मिसळण्याचा उपाय तेथे चालत असे. जेथे आंबटपणा लवकर व पुरता येतो तेथे पदार्थ टिकतो. जेथे तो येत नाही तेथे दार उघडे राहते.

दुसरे उदाहरण बदकांचेच आहे. १९६० साली इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी थोड्या महिन्यांत मेले. बदकांची पिलेही हजारोंनी मेली. रोग कोणता ते प्रथम कळेना. शेवटी असे आढळले की त्या सर्वांस ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड चारली होती, आणि पेंडीवर अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढून गेली होती. त्या बुरशीच्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष यकृत नासवते, व पाळीव पक्ष्यांत बदकाच्या पिलांइतके ते दुसऱ्या कोणासही लवकर बाधत नाही; इतके, की एखाद्या मालात हे विष आहे किंवा नाही हे पारखण्याकरिता शास्त्रज्ञ एका दिवसाची बदकाची पिलेच वापरीत. शिजवल्याने ते बहुतेक जात नाही. बुरशी झटकून टाकली, पेंड उन्हात घातली, तरी विष आत राहते. भुईमुगाची पेंड आपल्या मुलखात घरोघर असते; कोंबडी किंवा बैल जी पेंड पचवून जातो तीच पेंड बदकाच्या पिलांस मारक होऊ शकते, हे विसरू नये.

येथे वर सांगितलेल्या एक तृतीयांशाच्या हिशेबाची दुसरी बाजू दिसते. धान्यातील पीठ निघून गेल्यावर प्रथिने जशी तिप्पट होतात, तद्वत बुरशीचे विषही तिप्पट होते; कारण आंबवण्याने वा ऊर्ध्वपातनाने ते नाहीसे होत नाही. पावसात भिजलेल्या, काळ्या पडलेल्या मक्याचा चोथा स्वस्त मिळत असेल तर तो का स्वस्त आहे हे आधी विचारावे. जो व्यापारी गोणीबरोबर तपासणीचा दाखला दाखवू शकतो त्याच्याकडून दोन पैसे अधिक देऊन घेतलेला माल आम्हांस बरा वाटतो. आणि बदकांच्या पिलांस, पहिले आठ आठवडे तरी, विकतच्या गोणीतला चोथा व भुईमुगाची पेंड ही दोन्ही देऊच नयेत, असे आमचे मत आहे. त्यांस नायसिन पाहिजे असल्यास पिलांच्या खाद्यात मिसळण्याचे कोरडे खमीर औषधाच्या दुकानी मिळते. ते थोडेसे घालावे.

चोरट्या हातभट्टीच्या चोथ्याविषयी दोनच शब्द. त्या मडक्यात गूळ व नवसागर ह्यांखेरीज आणखी काय घातले आहे हे ते करणारासही धड ठाऊक नसते. तो बदकांसच काय, उकिरड्यावरही उघडा टाकू नये. खुद्द परवान्याच्या कारखान्यातील ओल्या चोथ्यातही मद्यार्क नीट निघाला नसेल तर बदके झिंगतात व दोन दिवस अंडी देत नाहीत. उग्र वास आल्यास तो पसरून वारा लागू द्यावा.

चोथा टिकवावा कसा? ओला चोथा उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांपलीकडे राहत नाही. आणल्या दिवशीच त्याची व्यवस्था लावावी. जर ऊन कडक असेल तर ताडपत्रीवर बोटभर जाडीचा पसरावा, दर तासा-दीड तासाने हाताने उलटावा, व संध्याकाळी दव पडण्यापूर्वी आत घ्यावा. मुठीत दाबून सोडला असता गोळा न राहता भुगा मोकळा झाला, व दाताखाली कण करकरला, म्हणजे वाळला असे समजावे. दोन दिवसांत वाळत नसेल तर वाळवण्याचा नाद सोडावा. कारण अर्धवट ओल्या चोथ्यावरच बुरशी सर्वांत लवकर येते. पावसाळ्यात तर ही रीत मुळीच चालत नाही.

दुसरी रीत मुरवण्याची. १०० किलो ओल्या चोथ्यास १० ते १५ किलो भाताचा कोंडा व २ किलो गूळ पाण्यात विरघळवून मिसळावा. मग झाकणाच्या पिंपात थरावर थर घालून पायाने किंवा मुसळाने इतका दाबावा की मध्ये हवा राहू नये. वर प्लॅस्टिकचे कापड, त्यावर दगड, आणि त्यावर घट्ट झाकण. दोन-तीन आठवड्यांत तो मुरतो. गूळ का घालावा? तर ताकात जे जीव आंबटपणा आणतात त्यांच्याच जातीच्या जिवांस ते अन्न होय. त्यांनी एकदा आंबटपणा आणला, की सडवणाऱ्या जिवांस थारा मिळत नाही. बोंक्रेकच्या गोष्टीत आंबट पाल्याचे जे काम तेच येथे गुळाचे. पिंप उघडल्यावर दररोज वरचा एक थर काढून लागलीच झाकावे. ज्या घरात पिंप उघडेच पडून राहते त्या घराने ही रीत करू नये.

पारख नाकाने व डोळ्यांनी करता येते, जरी ती पुरती नसते. चांगल्या मुरलेल्या चोथ्यास आंबोळीच्या पिठासारखा किंवा ताकासारखा गोडसर आंबट वास येतो, रंग पिवळसर राहतो, व तो बोटांस चिकटत नाही. कुजक्या लोण्याचा किंवा शेणाचा वास, बुळबुळीतपणा, पांढरी, हिरवी वा काळी लव, आत हात घातला असता लागणारी ऊब, ह्यांपैकी एक जरी आढळले तर तो भाग व त्याच्या सभोवारचा वीतभर भाग खड्ड्यात पुरावा. संशय राहिला तर सगळे पिंप पुरावे. हे सांगणे सोपे व करणे जड आहे, हे आम्ही जाणतो; ज्याने भाड्याच्या गाडीने माल आणला त्यास तो पुरताना वाईट वाटते. परंतु वीस बदके पुन्हा अंड्यावर येईपर्यंत वाढवण्यास पाच महिने लागतात.

किती द्यावा, ह्याविषयी लोक फार चुकतात, आणि त्या चुकीचे मूळ पाण्यात आहे. १०० किलो ओल्या चोथ्यात ७५ ते ८० किलो पाणीच असते. तेव्हा भाव काढताना कोरड्या भागाचा काढावा. समजा, ओला चोथा किलोला ४ रुपये पडला व त्यात पाचवा हिस्सा कोरडा आहे. तर कोरड्या किलोस २० रुपये झाले, वर गाडीभाडे. भाताचा कोंडा तुमच्या गावी १८ रुपयांस मिळत असेल तर हा सौदा स्वस्त दिसतो तेवढा नाही. मात्र पेंडीच्या जागी तो धरला तर अजूनही परवडेल. ज्यास हा हिशेब मांडता येत नाही त्याने शाळेतल्या मुलाकडून मांडून घ्यावा.

बदकाचे पोट लहान व अंड्याचा खर्च मोठा. चोथ्यात कोंडा फार, शक्ती थोडी. पोट भरते व अंडे घटते. म्हणून प्रारंभी सर्व खाद्याच्या कोरड्या मापाचा दहावा हिस्साच चोथा असावा. वीस बदकांच्या ३ किलो ४०० ग्रॅम खाद्यात ३४० ग्रॅम कोरडा, अर्थात पाचवा हिस्सा कोरडा असलेल्या ओल्या चोथ्याचा १ किलो ७०० ग्रॅम. महिनाभर अंडी मोजून, ती न घटल्यास, सहाव्या-सातव्या हिश्शापर्यंत न्यावा. त्यापुढे जाऊ नये. आणि बदल आठदहा दिवसांत हळूहळू करावा. बदक हा भित्रा व सवयीचा पक्षी आहे; खाद्य एका दिवसात बदलले तर ते खातच नाही, अंडे थांबते, आणि कित्येकदा पिसेही झडू लागतात, मग दोन महिने गेले.

धान्याच्या चोथ्यात प्रथिने पुष्कळ असली तरी त्यांतील लायसिन नावाचा अंश थोडा असतो. तो मासळी, गोगलगायी व सोयाबीनची पेंड ह्यांत असतो. म्हणून जावातील लोक कोंडा व चोथा ह्यांच्या जोडीस ओढ्यातले काही ना काही घालतातच. गोगलगायी उकळून, ठेचून द्याव्या. त्यायोगे जंतही जातात. चुनखडीचा अंश तर चोथ्यात नाहीच म्हटले तरी चालेल. ७० ग्रॅमच्या एका अंड्याच्या कवचात सुमारे अडीच ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि हे रोज. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या मडक्यात नेहमी भरलेला असावा. बदक लागेल तेवढा आपणच घेते. ज्याच्या घरी पातळ कवचाची अंडी येऊ लागली त्याने चोथ्यास दोष देण्यापूर्वी हे मडके पाहावे.

ओले खाद्य खाताना बदकाच्या नाकपुड्या भरतात, सबब चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके खोल पाणी जवळच पाहिजे. परंतु अगदी लगत नको, नाहीतर अर्धे खाद्य पाण्यात जाते. सांडलेले खाद्य चिखलात तुडवले जाऊन कुजते, त्यात अळ्या पडतात, व कधी कधी तेथे असे विष तयार होते की बदकांची मान लुळी पडून ती बसल्या जागी मरतात. तेव्हा खाद्याची परात फळीवर किंवा पोत्यावर ठेवावी, तासाभरात जे उरेल ते उचलावे, आणि परात रोज धुऊन उन्हात पालथी घालावी. ओला चोथा सकाळी देण्यापेक्षा दुपारी देणे सोयीचे. कारण बदके बहुधा पहाटे व सकाळी नऊच्या आत अंडी देतात, तोवर त्यांस खुराड्यातच ठेवावे, म्हणजे अंडी ओढ्यात जात नाहीत, आणि किती अंडी आली ह्याचा रोजचा आकडा दारावर खडूने लिहिता येतो. नवे पिंप ज्या दिवशी उघडले त्या दिवसाच्या आकड्यापुढे एक फुली करावी. त्यानंतरच्या दहा दिवसांचे आकडे मागील दहा दिवसांशी ताडून पाहिले म्हणजे ते पिंप पुढे चालवावे की नाही हे समजते.